हिरव्या लुगड्यातला निळा दोरा

लंकाबाईला आधी वास आला.

महाळुंगे पडवळला तिच्या घराच्या मागच्या अंगणात धुण्याचा दगड होता. भर दुपारी ती तिथं बसून नातीची गोधडी भिजवत होती. पोरीचं बारसं होऊन आठवडा झालेला. लेक अश्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि तिची नणंद प्राची बारशाला येताना ही गोधडी घेऊन आली होती. प्राची जुन्नरला शाळेत शिकवायची. तिकडे एसटी स्टँडजवळ हस्तकलेचं प्रदर्शन लागलं होतं, तिथून तिनं हौसेनं घेतली. गोधडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती, 'आजीच्या लुगड्यांची ऊब'. दिसायला झकास. लाल, पिवळी, जांभळी ठिगळं, आणि टाके असे एकसारखे की लंकाबाईनं देखील मान डोलावली होती. पोर आठ दिवस तिच्यावर झोपली आणि तान्ह्या पोरांनी जे करायचं ते तिनं रोज केलं. एवढे दिवस वरवर पुसून, उन्हात टाकून भागवलं होतं. आज ती पुरती धुवायची असं लंकाबाईनं ठरवलं आणि वर बादली ओतली.

वास मुताचा नव्हता. तो तिला काही परका नव्हता. हा वास बुक्क्याचा होता, कापराचा होता, आणि त्याच्याखाली दबून राहिलेला एक गोडसर, कुबट असा तिसराच वास होता. तिनं नाकाला पदर लावला. दगडावरून ओघळणारं पाणी गुलाबी होत चाललं होतं.

"रंग जातोय वाटतं गं आई," उंबऱ्यातून अश्विनी म्हणाली.

"रंग नाय ह्यो," लंकाबाई म्हणाली. "गुलाल हाय."

तीस वर्षं तिनं सुई धरली होती. घरात शिलाईचं मशीन होतं, ब्लाउज, फॉल, पिको सगळं ती करायची, पण गावात तिचं नाव होतं ते हातशिलाईसाठी. आणि तिच्या नजरेसाठी. माणसाचं जसं अक्षर असतं तसा बाईचा टाका असतो, असं ती म्हणायची, आणि ते नुसतं म्हणणं नव्हतं. एकदा दोन जावांमध्ये एका गोधडीवरून हाणामारीची वेळ आली होती. दोघी म्हणत होत्या माझ्या आईनं शिवलेली. लंकाबाईनं गोधडी उलटीपालटी केली आणि सांगितलं, ही तुम्हा दोघींच्याही आयांची नाही, ही शेजारच्या सोनीबाईची आहे, वाळत घातली तेव्हा वाऱ्यानं तुमच्या अंगणात आली असेल. सोनीबाईनं येऊन गोधडी उचलून नेली. तेव्हापासून गावात कुणाचं कापड हरवलं, बदललं, चोरीला गेलं की बायका आधी हिच्याकडे यायच्या.

तिनं घरातून कात्री आणली आणि एका कोपऱ्याचे टाके उसवायला घेतले. तोच कोपरा, जो पोर झोपेत तोंडात घेऊन चोखायची.

वरचं ठिगळ निघालं. खाली जुनं धोतर. त्याच्याखाली तुळशीचं वाळून काळं पडलेलं एक पान कापडाला चिकटून बसलेलं, चार-दोन तांदळाचे दाणे. आणि त्याच्याखाली हिरवं लुगडं. नवं कोरं, एकदाही साबण न लागलेलं. लंकाबाईनं ते बोटानं बाहेर ओढलं. लुगड्याच्या सुट्या टोकाला दुमड घालून हातशिलाई केलेली होती, हिरव्या दोऱ्यानं. शेवटच्या चार बोटांत मात्र दोरा निळा होता.

तिनं कात्री दगडावर ठेवली.

धोंडाबाईचं लुगडं होतं ते. धोंडाबाई तिची लहानपणापासूनची मैत्रीण. नातीच्या लग्नात नेसायला तिनं ते घेतलं होतं आणि टोक दुमडून घ्यायला लंकाबाईकडे दिलं होतं. शिवता शिवता हिरवा दोरा संपला तेव्हा धोंडाबाई हसून म्हणाली होती, "घाल की निळा. खोचल्यावर कोण बघतंय?" लग्नाच्या आधीच महिनाभर ती गेली. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं हवं होतं, तेव्हा लंकाबाईनंच ट्रंकेतून हे काढून तिच्या अंगावर घातलं. त्याच्यावरून गुलाल पडला, बुक्का पडला. माणसं तिला उचलून घेऊन गेली. दहा महिने झाले त्याला.

आणि त्याच लुगड्यावर तिची नात आठ दिवस झोपली होती.

लंकाबाई उठली. ती परसात गेली, दुपारचं जेवण सगळं उलटून पडलं. मग तिनं राखेनं हात घासले, साबणानं घासले, पुन्हा राखेनं घासले. बोटांना वास येतच राहिला. पोरीला तिनं ऊन पाण्यानं दोनदा आंघोळ घातली, तोंड बोटानं आतून पुसलं. पोर रडून लाल झाली. अश्विनीला काय झालं ते सांगितलं. छातीशी धरलेली पोर तिनं आणखी घट्ट धरली.

"जाळून टाक ते आई. आत्ताच्या आत्ता."

"कवाच जायाला पायजे व्हतं ते. दहा महिन्यांमागं," लंकाबाई म्हणाली. "कुणी जाऊ दिलं न्हाई, ते मला बघायचंय."

सोयरेधायरे मढ्यावर घालतात ती लुगडी, टॉवेल, टोप्या चितेवर जात नाहीत सगळीच. वरची वरची काढून ओढ्याच्या पाण्यात सोडायची असतात. गावात ते काम ठरलेल्या माणसाचं होतं. हौशीराम. कुणाच्याही घरी मयत झाली की तो पहिला हजर. तिरडी बांधणार, लाकडं सांगणार, पाहुण्यांना फोन लावणार, शेवटी अंगावरची लुगडी गोळा करून ओढ्यावर तोच नेणार. स्वतःचं शेत, स्वतःचा मळा, कुणाचं पाच पैशांचं मिंधेपण नाही, तरी माणूस चिखलात उतरून दुसऱ्याच्या घरचं करतो, म्हणून गाव त्याला मानायचं. लंकाबाई पण मानायची. म्हणून त्याचं नाव मनात आलं तेव्हा तिनं ते बाजूला सारलं. ओढ्यातून कुणी उचलली असतील, म्हणाली स्वतःशी.

दुसऱ्या दिवशी तिनं गोधडीचा उसवलेला भाग पिशवीत घातला, वर दुसरी पिशवी बांधली आणि एसटीनं जुन्नर गाठलं. पिशवी मांडीवर घ्यायला तिचं मन घेईना. पायाशी ठेवली, तर पायाला लागू नये म्हणून पाय आखडून बसली. स्टँडवर प्राची वाट बघत होती. काय निघालं ते ऐकून ती रडायलाच लागली.

"मावशी, मी माझ्या हातानं आणली हो. बाळासाठी."

"तुला काय ठाऊक? दुकान दाव."

प्रदर्शनाचा मांडव उठत आला होता, पण भागू नावाची गाळेवाली अजून होती. तिच्यापुढे तसल्याच आठ गोधड्या रचलेल्या. लंकाबाईनं एक उलगडली. हात लावताना तिच्या अंगावर काटा आला, पण डोळे कामाला लागले. गोधडी शिवताना बाई कडेनं सुरू करते आणि फिरत फिरत मधोमध येते. उजव्या हाताच्या बाईची शिलाई ज्या अंगानं फिरते त्याच्या उलट ही फिरली होती. प्रत्येक कोपऱ्याला बारीक तिकोनी ठिगळ होतं, डोंगराकडच्या बाया लावतात तसं. बाकीच्याही तिनं उलगडून बघितल्या; आठही एकाच हातच्या होत्या.

"डावखुरी हाय ना शिवणारी? डोंगरातली?" तिनं विचारलं.

भागू चकित झाली. "चिमाबाई. तुमी वळखता तिला?"

"टाका वळखते. माल तिच्याकडनं कोण आणतं?"

"आणणारा जीपवाला. मालक कोण ते मला न्हाई माहीत बाई. कुणीतरी भाऊ हायेत, गरिबांना काम देत्यात म्हणं."

भागूनं सांगितलं त्याप्रमाणे चिमाबाईची वाडी डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, भाताच्या खाचरांच्या पलीकडे होती. दुसऱ्या दिवशी लंकाबाई दोन जीपा बदलून आणि कोसभर चढून तिथं पोचली. प्राचीनं शाळेतून रजा काढली होती, तीही बरोबर. अंगणात एक सुरकुतलेली बाई पाय पसरून बसली होती आणि डाव्या हातानं सुई चालवत होती. बाजूला तिची सून मंगल कापडं पिळत होती. खाली मातीत गुलाबी पाण्याचा ओघळ.

चिमाबाईनं पाणी दिलं, गूळ दिला. पाहुणीनं तिच्या टाक्याचं कौतुक केलं तशी ती लाजली.

"कापड कुठनं येतं, बाई?"

"गोणीनं येतं. शेरातली लोकं देत्यात म्हनं, जुनं-पानं. पर जुनं नसतंच ते. कदी कदी तर घडीबी मोडलेली नसते." चिमाबाई हसली. "आदी पाण्यातनं काढावं लागतं. लई गुलाल निघतो. आन् पदरात तांदूळ. मी मंगलला म्हनलं, लग्नातली असत्याल गं. अक्षता असत्याल."

प्राचीनं तोंड फिरवलं. घराच्या दारात तीन पोरं एका गोधडीत गुरफटून ऊन खात बसली होती. तिकोनी कोपऱ्यांची गोधडी. धाकट्यानं तिची कड नाकापर्यंत ओढून घेतली होती.

लंकाबाईनं त्या पोरांकडे बघितलं. सांगावं तर ह्या बाईचं सगळं घर विटाळून जाईल, न सांगावं तर ती पोरं रोज त्यातच झोपणार. तिनं चिमाबाईचा हात धरला आणि सांगितलं. एका दमात, काही न लपवता.

चिमाबाईनं सुई तशीच टोचलेली ठेवली. आपल्या दोन्ही हातांकडे ती बघत राहिली, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मग उठली, पोरांच्या अंगावरची गोधडी हिसकावली आणि अंगणापलीकडे भिरकावून दिली. घरातून आणखी दोन आणल्या, त्याही फेकल्या. पोरं रडायला लागली. तिला उमासे येत होते पण पोटात काही नव्हतं, नुसतीच ती वाकून ओकाऱ्या देत राहिली. मंगल तिची पाठ चोळत होती आणि चोळता चोळता आपलेही हात लुगड्याला पुसत होती.

"दोन वरसं," चिमाबाई म्हणाली. "दोन वरसं दातानं दोरा तोडलाय मी. ह्याच दातानं."

रिकाम्या गोण्या भिंतीशी घडी करून ठेवलेल्या होत्या, खताच्या, पांढऱ्या. प्राचीनं एक उलटली. गावाकडे कांद्याच्या गोणीवर मालक रंगानं अक्षरं घालतो, तशी निळ्या रंगात तीन अक्षरं होती. हौ. ग. प. लंकाबाईनं वाचली. हौशीराम गणपत पडवळ. बाजूला सारलेलं नाव बोट दाखवून समोर उभं राहिलं.

परत येताना जीपमध्ये तिला एक गोष्ट आठवली. धोंडाबाईच्या मयतीत हौशीराम तिच्याजवळ आला होता, खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावून म्हणाला होता, "लंकाबाई, लुगडं लई चांगलं घातलंत." तेव्हा तिला वाटलं होतं माणूस गहिवरलाय. आता कळलं की तो कापडाचा पोत बघत होता.

त्याच आठवड्यात सोनीबाईचा दहावा होता. तीच सोनीबाई, वाऱ्यानं उडालेल्या गोधडीची; बारसं झालं त्याच आठवड्यात गेलेली. ओढ्याकाठी सतरंज्या पडल्या होत्या, गडीमाणसं एकीकडे, बाया एकीकडे. पिंडाला कावळा शिवला, प्रवचन झालं, आणि मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. हौशीरामनं माईक हातात घेतला. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आवाज जड.

लंकाबाईनं ठरवलं होतं की भाषणं संपली की त्याला बाजूला घेऊन विचारायचं. चारचौघांत नको. पण तो बोलत गेला आणि तिचं अंग तापत गेलं.

"सोनीबाई माझ्या थोरल्या बहिनीसारख्या," हौशीराम म्हणाला. "त्यांच्या अंगावरची अखेरची वस्त्रं म्या माझ्या ह्या हातानं पाण्यात सोडली. सोडताना हात थरथरत व्हता, मंडळी."

"कुठल्या पाण्यात, भाऊ?"

सगळ्यांनी मागं बघितलं. लंकाबाई उभी राहिली होती.

"ओढा गुडघाभर हाय," ती म्हणाली. "लुगडी त्यात सोडली तर पुढल्या वळणावर दिसाया पायजेत. दोन वर्षांत किती मयती झाल्या गावात? कुणाला एक तरी चिंधी दिसली का तिथं?"

"लंकाबाई, दुखवट्यात हे काय काढलंत?" हौशीराम शांतपणे म्हणाला. पण माईक त्यानं खाली घेतला.

तिनं पिशवी उघडली आणि गोधडीतून काढलेलं हिरवं लुगडं सतरंजीवर टाकलं. "सुदर्शन, बघ. तुझ्या आईचं हाय. निळा दोरा माझ्या हातचा हाय."

धोंडाबाईचा मुलगा सुदर्शन पुढं आला. लुगड्याला त्यानं हात लावला नाही. "मावशी," तो दबल्या आवाजात म्हणाला, "पाव्हणं आल्यात. घरी बोलू. गेलेल्याच्या कापडाचं एवढं काय?"

लंकाबाईला हौशीरामपेक्षाही त्या वाक्याची किळस आली. आईच्या अंगावरचं शेवटचं लुगडं समोर पडलेलं, आणि पोराला काळजी पाहुण्यांची.

पण सोनीबाईचा मुलगा सावळेराम उठला होता. डोक्याचं नुकतंच मुंडण झालेलं, अंगावर पंचा. "माझ्या आईची लुगडी कुठं हायेत?" एवढंच त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हौशीरामच्या मळ्याकडे चालू लागला. मागं सगळी माणसं, त्यामागं बाया.

मळ्यात कांद्याच्या चाळीला लागून एक पत्र्याची खोली होती. सावळेरामनं दगडानं कुलूप तोडलं. दार उघडलं आणि पुढची माणसं एक पाऊल मागं सरली. बंद खोलीत ओली कापडं दाबून ठेवल्याचा वास, कापूर, बुक्का, उंदरांच्या लेंड्या. गोण्यांवर गोण्या. एक उंदीर टोप्यांच्या ढिगातून निघून बायांच्या पायांमधून पळाला. सावळेरामनं वरचीच गोणी उपडी केली. आईच्या अंगावरचं लुगडं निघालं, फुलांच्या पाकळ्या अजून त्यात कुजत होत्या. तो खाली बसला.

मग बाया पुढं झाल्या. कुणाला आईचं सापडलं, कुणाला जावेचं. एकीनं ओळखलेलं पातळ छातीशी धरलं आणि वास येताच लगेच फेकलं, आणि फेकलं म्हणून रडायला लागली.

हौशीराम दाराशी उभा होता. त्याचा चेहरा उतरला नव्हता, हे लंकाबाईला सगळ्यात जास्त खुपलं.

"वंगाळ काय केलं म्या?" तो म्हणाला. "पाण्यात कुजून जायाचं ते कामी आलं. डोंगरातल्या बायांना काम मिळालं. पुण्या-मुंबैच्या लोकांनी आवडीनं घेतलं. थंडीत पांघरूनच झालं ना कुनाचं तरी? कापडाला काय कळतं, मढं कुनाचं अन् जितं कुनाचं?"

दोन-चार माणसांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण हळूच म्हणालासुद्धा, तसं खोटं नाही राव. लंकाबाईनं ते ऐकलं. गोण्यांतली सगळी लुगडी तिनं नजरेखालून घातली होती, दोन वर्षांतल्या गावातल्या प्रत्येक मयतीचं त्यात काहीतरी होतं. एका मयतीचं सोडून.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमच्या मालकीण मागल्या वर्षी दिवाळीआधी गेल्या. त्यांच्या अंगावर मी मोरपंखी लुगडं घातलं व्हतं. अजून सहा-सात व्हती माहेरची. ती ह्यात दिसत न्हाईत."

हौशीरामनं गोण्यांकडची नजर काढली.

"विकली का?"

"न्हाई!" तो एकदम ओरडला. "तिची म्या... तिची सगळी चितेवरच घातली. जाळली समदी. तिचं असं कुनाच्या..."

तो थांबला.  मघाशी 'खोटं नाही राव' म्हणणाऱ्या माणसानं टोपी काढून खाली बघितलं. सावळेराम उठला, हौशीरामच्या अंगाला हात न लावता त्याच्या पायाशी थुंकला आणि बाहेर पडला.

त्या दुपारी सगळ्या गोण्या ओढ्याकाठी नेऊन जाळल्या. ओल्या कापडाचा धूर लवकर वर जाईना, गावावरच लोळत राहिला. सुदर्शन शेवटी आला, आईचं लुगडं स्वतः उचलून आगीत टाकलं आणि लंकाबाईकडे न बघता निघून गेला. पोलिसात कुणी गेलं नाही. काय गुन्हा लिहून घेणार, असं म्हणाले. पण हौशीरामला पुन्हा कुणी मयतीला बोलावलं नाही, आणि तो आपण होऊन आला त्या एका वेळेला तिरडी उचलण्याआधीच बायांनी मढ्याच्या अंगावरची लुगडी मधोमध फाडली. त्याच्यासमोर, एकेक करून. पुढं तसा रिवाजच पडला. भागूकडच्या आठ गोधड्या प्राचीनं समोर उभं राहून जाळायला लावल्या. त्याआधीच्या दोन वर्षांत किती विकल्या गेल्या, कुठल्या घरांत कोण त्यांवर झोपलंय, ते शोधायला काही मार्ग नव्हता. लंकाबाईला ते आठवलं की हातातलं जेवण तसंच राहायचं.

महिनाभर तिनं सुई धरली नाही. कुणी जुनं कापड आणलं की ती आधी दोन बोटांनी उचलायची. मग एक दिवस पौषातल्या थंडीत पहाटे नातीच्या अंगावर शाल ओढताना तिला चिमाबाईच्या दारातली तीन पोरं आठवली. त्यांच्या अंगावरचं पांघरूण आपण काढून आलो, आणि दुसरं काही घातलं नाही. आपली किळस तेवढी आपण जपत बसलो. तिला स्वतःचीच शिसारी आली.

तिनं गाठोडं बांधलं आणि जीप धरली. पोरं चुलीपाशी गोणपाट पांघरून बसलेली होती. चिमाबाई गाठोड्याकडे बघून मागं सरकली.

"नको बाई. आता कुनाचंबी कापड नको."

"उघड तर," लंकाबाई म्हणाली आणि स्वतःच उघडलं. "हे अश्विनीचं. ती घरी पोरीला पाजतीय. हे प्राचीचं, काल शाळेत नेसली व्हती. आन् हे माझं. मी तुझ्याम्होरं बसलीय."

 मंगलनं चहा टाकला. मग म्हातारी पुढं सरकली, लंकाबाईचं लुगडं मांडीवर पसरलं, काठाची लांबी वितीनं मोजली.

"तिघांना एकच व्हईल," ती म्हणाली. "पर रुंद शिवाया लागंल. तू त्या अंगानं बस."

एक उजव्या हाताची, एक डाव्या. समोरासमोर बसून दोघींनी दोन्ही कडांनी शिवायला घेतलं.